परवाना आमच्या शहराचा, आवाज दुसऱ्याच शहराचा : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली.

विषय : जिल्ह्याच्या ठिकाणच्या खाजगी एफएम केंद्रांवरून स्थानिक कार्यक्रम हद्दपार होत असल्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या खाजगी एफएम केंद्राचा सकाळचा कार्यक्रम बंद झाला. केंद्र चालू आहे. फ्रिक्वेन्सी तीच, टॉवर तोच, तासातासाला वाजणारी जिंगलही तीच. बोलणारी माणसं तेवढी आता दुसऱ्या शहरात बसतात आणि तिथला एकच कार्यक्रम आमच्यासारख्या अनेक जिल्ह्यांवर एकाच वेळी सोडला जातो. मी त्या केंद्रावर आरजे, म्हणजे रेडिओ जॉकी होते, अगदी चाचणी प्रसारणाच्या दिवसांपासून. आम्हाला एकेकाला आत बोलावलं, 'खर्च झेपत नाही' असं सांगितलं आणि आधीच टाईप करून ठेवलेल्या राजीनाम्यांवर सह्या घेतल्या. नंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला, माझ्या वेळेत, कुणीतरी मेट्रोच्या गर्दीबद्दल बोलत होतं. आमच्या शहरात मेट्रो नाही. त्या दिवशी निम्म्या गावाला पाणी येणार नव्हतं. ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगायला स्टुडिओत माणूसच नव्हता.

हे कंपनी आणि तिच्या नोकरदारांमधलं प्रकरण आहे, मंत्र्यांचा इथे काय संबंध, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. संबंध आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच सरकारच्या मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये. त्या यादीत लातूर आहे, चंद्रपूर आहे, यवतमाळ, नंदुरबार आहे. त्यावेळी काय सांगितलं होतं? मातृभाषेतून स्थानिक कार्यक्रम, नवे रोजगार, स्थानिक बोली आणि संस्कृतीला चालना. ती बातमी आम्ही स्टुडिओत एकमेकांना वाचून दाखवली होती. आमच्यातल्या दोघांनी तर लातूरला जाण्याचे बेतही आखले होते. महोदय, जी केंद्रं आज आहेत तिथला स्थानिक माणूस घरी पाठवला जात असताना नव्या शहरांतल्या रोजगाराची ग्वाही सरकार कशाच्या जोरावर देतं?

माणसं कमी करायची वाट धोरणानेच मोकळी करून दिली आहे. आधी एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून चालवायला एका विभागातल्या लहान शहरांपुरती परवानगी होती. खाजगी एफएमचे परवाने टप्प्याटप्प्याने दिले गेले, त्यातल्या तिसऱ्या टप्प्याच्या २०११ च्या धोरणाने ती मर्यादा काढली आणि कंपनीला आपल्या देशभरातल्या जाळ्यावर एकच कार्यक्रम चालवण्याची मुभा दिली. लिलाव मात्र शहरागणिक. प्रवेश शुल्क शहरागणिक. फ्रिक्वेन्सी शहराच्या नावाची. पैसे घेताना सरकारला शहर दिसतं, आणि त्या शहराला काय ऐकवलं जातंय हे पाहायची वेळ आली की सरकारला शहर दिसत नाही.

या धंद्याचा इतिहास आपल्या मंत्रालयाच्या कपाटांत आहे. तरीही मी तो इथे मांडते, कारण प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट झालेली आहे : लहरींवरचा हात सरकारने सोडलेला नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेही खाजगीच होतं. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली आणि केंद्र सरकारच्या ताब्यात गेलं. स्वातंत्र्यानंतर डॉ. बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीताची हकालपट्टी झाली, लोकांनी सुया फिरवल्या आणि रेडिओ सिलोन लावला. घराघरांतले श्रोते परदेशी केंद्राने नेल्यावर सरकारला जाग आली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ ला त्याच विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि कुठे? मुंबई, पुणे, नागपूर. आकाशवाणीची व्यापारी सेवा महाराष्ट्रात सुरू झाली, याचा मला या क्षेत्रात आल्यापासून अभिमान वाटत आला. पण पैसा कमावण्याची परवानगी मिळाली तरी काय बोलायचं याचा हुकूम दिल्लीचाच राहिला.

१९९३ मध्ये आकाशवाणीच्या एफएमवरचे तास खाजगी कंपन्यांना विकले, तरुण मुलं रेडिओकडे परत आली, आणि १९९८ मध्ये ते बंद केलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. लहरी जनतेच्या आहेत, सरकारच्या नाहीत आणि कंपन्यांच्याही नाहीत, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मग सरकारने जनतेच्या मालमत्तेचा काय केला? लिलाव. पहिल्या टप्प्यात ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी मांडल्या. मुंबईत एकेका परवान्याची बोली वर्षाला पावणेदहा कोटींवर गेली आणि त्या शुल्कात दरवर्षी १५ टक्के वाढ. जाहिरातीचा बाजार दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढतो असं कुणी ठरवलं होतं? अनेकांनी बोली लावून पाय काढता घेतला आणि बहुतेक शहरांत केंद्र उभंच राहिलं नाही. मग समिती नेमली, अहवाल आला, आणि २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात एकवेळचं प्रवेश शुल्क आणि उत्पन्नातला हिस्सा अशी पद्धत आली. आमचं केंद्र त्या टप्प्यातलं.

आमच्या केंद्राचा इतिहास कुठे लिहिलेला नाही, म्हणून त्यातलं थोडं सांगते. एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर दोन स्टुडिओ. भिंतींना राखाडी फोम, दार लावलं की कानांत दडे बसल्यासारखी शांतता. शहरात रेडिओवर जाहिरात करतात हे कुणाला माहीत नव्हतं. मार्केटिंगची मुलं दुचाकीवर बाजारपेठ पालथी घालायची आणि दहा सेकंदांचा स्पॉट म्हणजे काय ते दुकानदाराला हातातल्या घड्याळावर मोजून दाखवायची. भांड्यांच्या दुकानाचे एक मालक हट्टाने म्हणाले, माझी जाहिरात मीच बोलणार. धोतर सावरत ते स्टुडिओत आले, मायक्रोफोनला हात लावून नमस्कार केला, आणि 'शुभारंभ' या शब्दापाशी प्रत्येक वेळी त्यांचा श्वास संपायचा. शेवटी आम्ही वाक्य दोन तुकड्यांत रेकॉर्ड करून जोडलं. ती जाहिरात पुढे कित्येक दिवाळ्या वाजली. रस्त्यात पोरं त्यांना त्या वाक्याने हाक मारायची आणि ते खूश व्हायचे. दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत बसलेला माणूस असा गिऱ्हाईक कुठून आणणार? त्याला मोठ्या ब्रँडची रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात लावण्याची लेखी मागणी हवी असते. भांड्यांचं दुकान त्याच्या तक्त्यात बसत नाही.

दोन गाण्यांच्या मधलं आमचं बोलणं, ज्याला आम्ही लिंक म्हणतो, ते कधी मिनिटाचं असायचं, कधी त्याहून कमी. त्या तेवढ्या वेळात कुठल्या वॉर्डात पाणी नाही, कुठल्या शाळेचा निकाल लागला, रक्त कुणाला हवंय, एसटी स्टँडच्या मागे कुणाची पिशवी सापडली, हे सगळं बसवायचं. लोक स्टुडिओच्या नंबरवर फोन करायचे ते गाण्याच्या फर्माइशीसाठी, आणि बोलता बोलता गाव सांगायचे.

आता नियम बघा. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावायच्या, शब्द न बदलता. पाणी, वीज, वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती बातमीत धरत नाहीत, पण नागरी सुविधा आणि आपत्तीच्या सूचना स्थानिक प्रशासनाने दिलेल्या असल्या पाहिजेत. एका पावसाळ्यात पहाटेपासून नदी वाढत होती. सकाळी मी ऑन एअर होते. एका रिक्षावाल्याचा फोन आला : ताई, जुन्या पुलावर पाणी चढतंय, मी इथेच उभा आहे, लोकांना सांगा. पाठोपाठ दूधवाल्याचा, मग शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरचा. तिघांनी तेच सांगितलं. मी माईक सुरू करायची पट्टी, म्हणजे फेडर, वर करायला हात पुढे केला आणि वरिष्ठांनी काचेपलीकडून हात हलवून थांबवलं. प्रशासनाकडून निरोप आला नव्हता. परवाना कंपनीचा, नोटीस आली तर त्यांच्या नावाने, त्यांनाही मी दोष देत नाही. प्रशासनाच्या कंट्रोल रूमचा फोन सतत व्यग्र. आम्ही गाणं लावलं. त्यानंतर आणखी एक गाणं. पावसाचीच गाणी होती, कारण सकाळच्या प्लेलिस्टमध्ये पावसाळ्यात तीच भरलेली असतात. निरोप आला तेव्हा मी तो वाचला, आणि तोवर पुलाच्या दोन्ही तोंडांना गाड्या अडकून पडल्या होत्या. कुणी दगावलं नाही, हे त्या माणसांचं नशीब. धोरणाने काही त्यांना वाचवलेलं नाही.

त्याच वेळी टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या चोवीस तास ओरडत होत्या. मोबाईलवर कुणीही काहीही पाठवत होतं, जुन्या कुठल्या तरी पुराचे व्हिडिओ आमच्या नदीचे म्हणून फिरत होते. ते सगळं चालतं. ज्या केंद्राचा पत्ता, मालक, परवाना, प्रसारणाची नोंद असं सगळं सरकारकडे आहे, त्याच केंद्राला 'पुलावर पाणी आहे' एवढं म्हणायला कागद लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला १० मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. नियामक सरकारनेच नेमलेला. त्याची शिफारस येऊन पडली आहे, आणि सामान्य माणसाने विचारलं तर उत्तर काय, विचाराधीन. भीती नेमकी कशाची आहे? नगरपालिकेच्या टेंडरबद्दल कुणी स्थानिक बोलीत बोलेल याची?

मला वाटतं, हो, याचीच. १८८५ च्या तार कायद्याने लहरींवर सरकारचा जो हात बसला, तो राज्य बदललं तरी निघाला नाही. टीव्ही, वर्तमानपत्रं, इंटरनेट, सगळ्यांना बोलू दिलं, रेडिओला नाही, कारण रेडिओ शेतात, टपरीवर, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या ओट्यापाशी पोचतो. जो इथवर पोचतो त्याला बातमी द्यायची नाही, गाणी द्यायची. आणि नुसती गाणीच वाजवायची असतील तर ती मोबाईलवरही वाजतात, मग जाहिरातदार आमच्याकडे का थांबेल? कंपनीने आम्हाला काढलं ते खर्चामुळे, पण ज्या केंद्राकडे शहराला सांगण्यासारखं काही उरू दिलं नाही, त्याचं उत्पन्न वाढणार तरी कशाने? शुल्काचंही तेच. तिसऱ्या टप्प्यात वर्षाचं परवाना शुल्क उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे उत्पन्न बुडालं तरी शुल्क बुडत नाही. हे तोडून फक्त उत्पन्नावर ४ टक्के घ्या, असंही ट्रायने त्याच वेळी सांगितलं. नव्या शहरांसाठी आपण ४ टक्क्यांचं ठरवलंत. जुन्या शहरांनी काय गुन्हा केला?

सरकार स्वतः जाहिरात देतं तेव्हाचा भाव तर ऐकण्यासारखा आहे. २०२३ पर्यंत मूळ दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता, तो ७४ केला आणि त्याची बातमी झाली. योजनेची जाहिरात आम्ही दिवसभर मन लावून वाजवायची, आणि बिलाची फाईल कुठल्या टेबलावर आहे याचा शोध आमच्या हिशेबनिसाने वर्षभर घ्यायचा.

माझ्याबद्दलही लिहिते, कारण धोरणात माणसं दिसत नाहीत. ऐन तारुण्यातल्या सगळ्या सकाळी मी त्या स्टुडिओत घालवल्या. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी कधी घरी नव्हते, कारण पहाटे शहराला शुभेच्छा द्यायला मी मायक्रोफोनसमोर असायचे. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी हसऱ्या आवाजात राशिभविष्य वाचलंय. टाळेबंदीत जाहिराती थांबल्या, पगार कापले, आणि मी घरात कपाटाचं दार उघडून त्यात तोंड घालून, डोक्यावर गोधडी घेऊन लिंक रेकॉर्ड केल्या, म्हणजे आवाज घुमू नये. दवाखान्यांचे नंबर, किराणा कुठे पोचतोय, कुठल्या केंद्रावर लस आहे. कापलेला पगार कधीच पूर्ववत झाला नाही. आम्ही मागितला, तर 'सध्या धंदा बघा' असं ऐकलं. आज घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे, आणि माझ्या वयाच्या आरजेला कुणी मुलाखतीलाही बोलावत नाही. एका ठिकाणाहून बोलावणं आलं ते माझ्या आवाजाचे नमुने विकत घेण्यासाठी. त्यावरून संगणकाचा आवाज तयार होणार, मग माणूस लागणार नाही. मी नकार दिला. पुढच्या हप्त्याच्या तारखेला तो नकार टिकेल का, हे मला सांगता येत नाही.

याहून मोठा घाव वेगळा आहे. केंद्र आवरताना जुन्या हार्ड डिस्क भंगारात गेल्या. त्यांत काय होतं याची यादीही कुणी केली नाही. तमाशात आयुष्यभर ढोलकी वाजवलेल्या एका म्हाताऱ्याने बोटं दुखत असताना टेबलावर वाजवून दाखवलेली लय होती. बंद पडलेल्या गिरणीतल्या बायकांनी एकमेकींना आठवण करून देत म्हटलेल्या ओव्या होत्या. ज्या ग्रंथपालांनी अर्ध्या शहराला वाचायला लावलं त्यांची मुलाखत होती, ते आता हयात नाहीत. सरकारच्या अटींत रेकॉर्डिंग जपायचं ते तक्रार आली तर तपासायला, तेही काही महिन्यांपुरतं. आकाशवाणीकडे संग्रहालय आहे. खाजगी केंद्रांनी वीस-वीस वर्षं जिल्ह्या-जिल्ह्यात जे ध्वनिमुद्रित केलं, ते कुणाचंच नाही. लहरी सार्वजनिक मालमत्ता, आणि त्या लहरींवरून गेलेला शहराचा आवाज किलोच्या भावाने.

खाजगीचंच असं आहे असंही नाही. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागाला टाळं लावायचा आदेश निघाला. लोक संतापले म्हणून तो थांबवावा लागला. पुण्याची ही गत, तिथे आमच्या जिल्ह्याला कोण विचारतो? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिलात, त्याचे पेढे आम्हीही स्टुडिओत वाटले. आज महाराष्ट्राच्या शहरांतल्या कितीतरी खाजगी वाहिन्यांवर मराठी गाणं दिवसातून किती वेळा लागतं ते आपल्या अधिकाऱ्यांना एक दिवस मोजायला लावा. आमच्या केंद्रावर आता सकाळचा सगळा वेळ हिंदीत जातो. माझी आजी असती तर तिने रेडिओ बंद केला असता. बँकेचा निर्णय राजधानीत, शाळेचा पोर्टलवर, वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती दोन पानांवर. जिल्ह्याच्या गावाला स्वतःचं म्हणून बोलायला एक माणूस होता, तोही काढून घेतला, आणि याला विस्तार म्हणायचं?

माझ्या मागण्या अवघड नाहीत. नव्या ७३० वाहिन्यांच्या परवान्यांत आणि जुन्यांच्या नूतनीकरणात त्या शहरात बसून, तिथल्या भाषेत, तिथल्या माणसांनी केलेल्या थेट कार्यक्रमाचे किमान तास लिहून द्या, आणि ते सकाळ-संध्याकाळचे असू द्या, रात्री दोनचे नकोत. हे तास पाळणाऱ्याला शुल्कात सवलत द्या, न पाळणाऱ्याची फ्रिक्वेन्सी परत घ्या. ट्रायने सांगितलेली १० मिनिटं द्या, आणि पूर, आग, अपघात यांत प्रत्यक्षदर्शीचं बोलणं खातरजमा करून लगेच प्रसारित करायची परवानगी तर आजच्या आज द्या, त्याला लिलाव लागत नाही. मोबाईलमध्ये एफएम चालू ठेवा असा नुसता सल्ला २०२३ मध्ये कंपन्यांना दिलात, तो नियम करा. आणि कुठलंही केंद्र स्थानिक कार्यक्रम बंद करणार असेल तर त्याचा ध्वनिसंग्रह आधी आकाशवाणीच्या किंवा विद्यापीठाच्या ताब्यात जाईल अशी अट घाला. आमचा गेला. अजून बऱ्याच शहरांतला वाचू शकतो, तिथल्या डिस्क अजून कपाटात आहेत, मला माहीत आहे, तिथे माझे मित्र काम करतात आणि सोमवारी आपल्यालाही आत बोलावतील या धास्तीत आहेत.

या पत्राचं उत्तर मला हवं आहे. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे आवश्यक त्या कार्यवाहीसाठी पाठविण्यात आले आहे' एवढंच लिहिलेलं आलं, तर मी ते उत्तर मानणार नाही आणि पुन्हा लिहीन.

आपली,
एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या एफएम केंद्राची माजी आरजे